लाल अक्षरे, काळी अक्षरे

आपल्या वसईतील किती घरांच्या आडनावात एक चिमुकली, अधांतरी लोंबणारी रेघ आहे, याची कुणी गणती केली असेल असे वाटत नाही. देवनागरीत आपण डिसोजा, डिमेलो, डिसिल्वा, डिकुन्हा असे सरळ लिहून मोकळे होतो. पण तेच आडनाव रोमन लिपीत लिहायचे झाले, की 'डी' या अक्षरानंतर वरच्या बाजूस ती रेघ द्यावी लागते. इंग्रजीत तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. वसईवर पोर्तुगीज अंमल आला तो १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी तो संपविला १७३९ साली. या दोनशे वर्षांत स्नानसंस्काराबरोबर आपल्या पूर्वजांना ही आडनावे मिळाली. त्यांच्या आरंभीचा 'दि' म्हणजे आपल्या मराठीतला 'चा'. पुढे इंग्रजी वळणाच्या लेखनात त्या 'दि'मधील स्वर गळून पडला आणि गळालेल्या स्वराची जागा दाखविणारी ही खूण तेवढी मागे राहिली. घराण्याचा एवढा मोठा इतिहास एवढ्याशा रेघेत मावतो, हे मला नेहमीच कौतुकाचे वाटत आले आहे.

अलीकडे मात्र ही रेघ लोकांना छळू लागली आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी निघालेली मुले-मुली कागदपत्रांची जुडी घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. एका कागदावर आडनाव खुणेसह असते, दुसऱ्यावर खुणेच्या जागी नुसती मोकळी जागा असते, तिसऱ्यावर दोन्ही भाग जोडून टाकलेले असतात. पारपत्राच्या माहितीच्या पानावर तळाशी यंत्राला वाचता याव्यात म्हणून दोन ओळी छापलेल्या असतात. त्यांत तर आंतरराष्ट्रीय नियमानेच अपॉस्ट्रॉफीला जागा नाही. येथवर सारे समजण्यासारखे आहे. परंतु एका परिचारिकेने माझ्यापुढे ठेवलेल्या छापील प्रमाणपत्रावर तिचे आडनाव असे होते: डी&#३९;सोझा. रोमन लिपीत छापलेले ते मी येथे नागरीत उतरविले आहे. खूण, आकडा, अर्धविराम सारे जसेच्या तसे. ज्या संस्थेने हे प्रमाणपत्र दिले, तिच्या खिडकीवरील माणसाने तिला सांगितले, "मॅडम, संगणकातच तसे आहे." परदेशातील रुग्णालयाने विचारले, की पारपत्रावरील बाई आणि या प्रमाणपत्रावरील बाई एकच कशावरून? तिला वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागले आणि मीही ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला धर्मग्रामाच्या शिक्क्यानिशी दिला. ज्या मुलीचे नाव तिच्या आईबापांनी वेदीपुढे उच्चारले, धर्मगुरूने नोंदवहीत टिपले, ते तिचेच आहे हे तिने शपथेवर सांगायचे!

हे अँपरसँड, ही जाळीदार खूण, हा ३९ चा आकडा आडनावाच्या पोटात शिरला कसा? आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मुंबईच्या एका कंपनीत संकेतस्थळांच्या आज्ञावल्या लिहितो. धर्मग्रामाच्या नोंदवह्या संगणकावर आणण्याचे काम त्याने सेवाभावाने अंगावर घेतले आहे. त्याच्यापाशी बसून मी हे प्रकरण समजून घेऊ लागलो, तेव्हा आश्चर्य वाटले ते याचे, की त्यातील मूळ प्रश्न मला सेमिनरीपासून परिचित होता.

वेदीवरचा मिस्साग्रंथ ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की त्यात दोन रंगांची अक्षरे असतात. धर्मगुरूने जे म्हणायचे ते काळ्या अक्षरांत. जे करायचे, म्हणजे हात पसरावेत, नमन करावे, लोकांकडे वळावे, ते लाल अक्षरांत. या लाल सूचनांना 'रुब्रिक' म्हणतात, ते लाल मातीवाचक लॅटिन शब्दावरून. काळे म्हणावे, लाल करावे, हा आमच्या शिक्षणातला पहिला धडा. दोन्ही अक्षरेच, दोन्ही एकाच पानावर. पण एक आहे प्रार्थना आणि दुसरी आहे आज्ञा, आणि हा भेद शाईच्या रंगावर उभा आहे. आता कल्पना करा, की ग्रंथ एकाच रंगात छापला गेला आहे आणि वाचणारा पहिल्यांदाच वेदीवर उभा आहे. तो भर मिस्सेत "येथे धर्मगुरू नमन करतो" असे मोठ्याने म्हणेल. त्याहून अवघड प्रसंग उलट बाजूचा. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत वाचण्यासाठी कुणी चिठ्ठी देतो, तीत खोडसाळपणे "येथे सर्वांनी मंदिराबाहेर जावे" असे लिहिलेले असते, आणि ते वाचण्याऐवजी वेदीवरचा माणूस ते अमलात आणतो!

संकेतस्थळाचे पान संगणकाच्या पडद्यावर मांडणारी जी आज्ञावली असते तिला ब्राउझर म्हणतात. हा ब्राउझर म्हणजे तो नवशिका. त्याच्यापुढे जे पान येते ते एचटीएमएल नावाच्या लेखनपद्धतीत असते. जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली आपला प्रस्ताव मांडला आणि पुढच्या दोन वर्षांत ही पद्धत आकाराला आली. तिच्यात रंगीत शाई नाही. मजकूर आणि सूचना दोन्ही एकाच साध्या लिपीत, एकामागून एक येतात. सूचना कोठे सुरू झाली हे कळावे म्हणून तिच्या दोन्ही अंगांना कोनी कंस घालतात, म्हणजे गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' यांसाठी वापरतो त्या खुणा. डावा कोनी कंस दिसला आणि त्यापुढे अक्षर आले, की ब्राउझर समजतो, आता लाल अक्षरे सुरू झाली. ही रीत एचटीएमएलने तिच्याहून जुन्या, १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या पद्धतीकडून घेतली. स्वस्त आणि सोपी युक्ती; तिच्याच जोरावर हे जाळे जगभर पसरले. पण तिची किंमत अशी, की लाल शाईची दौत वाचकाच्याही हाताशी ठेवली गेली. कळफलकावर कोनी कंस कुणालाही टंकता येतो.

मग ज्याला मजकुरातच कोनी कंस लिहावयाचा आहे त्याने काय करावे? त्यासाठी तिसरी एक खूण राखून ठेवली आहे, ती म्हणजे अँपरसँड, &. (लॅटिन शिकलेल्यांना सांगायला नको, की हे चिन्ह म्हणजे लॅटिन 'एत', अर्थात 'आणि', या शब्दाची दोन अक्षरे एकमेकांत गुंफून झालेली आकृती होय.) अँपरसँड, त्यापुढे ठरलेले लघुनाम किंवा हॅश ही जाळीदार खूण आणि तिच्यापुढे एक आकडा, आणि शेवटी अर्धविराम, एवढे लिहिले की ब्राउझर ते चिन्ह नुसते दाखवितो, त्याची आज्ञा मानत नाही. डाव्या कंसासाठी 'एलटी' ही अक्षरे, उजव्यासाठी 'जीटी', खुद्द अँपरसँडसाठी 'एएमपी', आणि अपॉस्ट्रॉफीसाठी आकडा ३९. यालाच एस्केप करणे म्हणतात. चिन्हाला आपल्या आज्ञार्थातून निसटू द्यायचे आणि निव्वळ चिन्ह म्हणून उभे करायचे, असा त्याचा भाव. अशी चिन्हे एकंदर पाच: दोन कोनी कंस, अँपरसँड, दुहेरी अवतरणचिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी. त्यांतही क्रम आहे. अँपरसँडला आधी हात लावायचा. कारण शेवटी लावला, तर इतर चार चिन्हांसाठी नुकतेच लिहिलेले अँपरसँडही पुन्हा बदलून बसतात.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या मुलाशी केलेला 'दे माजिस्त्रो' हा संवाद सेमिनरीत आम्ही वाचला होता. मुलाचे नाव अदेओदातुस, म्हणजे आपला देवदत्त. त्यात एका थट्टेखोराची गोष्ट येते. आपण जे बोलतो ते आपल्या तोंडातून बाहेर पडते, हे तो दुसऱ्याकडून कबूल करवून घेतो. मग बोलण्याच्या ओघात त्याला 'सिंह' हा शब्द उच्चारायला लावतो आणि विचारतो, तुझ्या तोंडातून सिंह बाहेर पडला ना? बापलेक या कोड्यावर बराच वेळ बोलतात. शब्द कधी वस्तूसाठी उभा राहतो आणि कधी निव्वळ शब्द म्हणून, हा भेद आपण माणसे संदर्भाने सहज ओळखतो. ब्राउझरला तो ओळखता येत नाही. त्याच्या तोंडून 'सिंह' उच्चारला गेला, की सिंहच बाहेर पडतो.

तो कसा, याचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात गाजलेले आहे. फेब्रुवारी २००० मध्ये पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या केंद्राने जाहीर इशारा दिला होता, की वाचकाने भरलेला मजकूर जशाच्या तसा पानावर उमटविणारी संकेतस्थळे धोक्यात आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी नुकतेच त्या प्रकाराला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' असे नाव दिले होते. इशारा किती जणांनी मनावर घेतला ते पाच वर्षांनी दिसून आले. ४ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील सॅमी कॅमकार या १९ वर्षांच्या मुलाने मायस्पेस या संकेतस्थळावरील आपल्या परिचयपत्रात एक छोटी आज्ञावली पेरली. जो कुणी त्याचे पान उघडी, त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जाई, सॅमी हाच आपला नायक असल्याची ओळ त्याच्या स्वतःच्या परिचयपत्रात उमटे, आणि आज्ञावलीची एक प्रत तेथे घर करी. मग त्याचे पान उघडणाराही बाधित होई. सुमारे २० तासांत १० लाखांहून अधिक परिचयपत्रांवर ती ओळ चढली आणि मायस्पेसला आपले दार काही काळ बंद करावे लागले. जानेवारी २००७ मध्ये सॅमीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा आणि ९० दिवसांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. मुलाला चोरी करायची नव्हती, गंमत करायची होती, हे त्यातल्या त्यात नशीब.

मायस्पेसने बंदोबस्त केला नव्हता असे नाही. आज्ञा सुरू करणारे घातक शब्द त्यांनी यादी करून गाळून टाकले होते. 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसला की तो काढला जाई. सॅमीने काय केले, तर तो शब्द मध्येच तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही, आणि काही ब्राउझरांनी मात्र उदारपणे दोन्ही तुकडे जोडून घेतले. निषिद्ध शब्दांची यादी करून कुणी सुरक्षित झाल्याचे ऐकिवात नाही. चर्चलाही 'निषिद्ध ग्रंथांच्या सूची'चा काही शतकांचा अनुभव आहे. १९६६ मध्ये ती रद्दबातल झाली, यावर अधिक न बोलणे बरे.

सॅमीच्या गंमतीत धर्मग्रामाने भयभीत व्हावे असे काय आहे? आमच्या आज्ञावलीत कुटुंबांना घरबसल्या मिस्सेसाठी हेतू पाठविता येतो. मृताचे नाव, तारीख आणि दोन ओळी लिहिण्यासाठी एक चौकट. हा मजकूर कोठे उमटतो? कार्यालयातील बाईंच्या पडद्यावर. त्या वेळी बाईंनी आपल्या परवलीच्या शब्दाने नोंदवह्यांचे कपाट उघडलेले असते. चौकटीत कुणी आज्ञावली पेरली आणि ती एस्केप न होता पडद्यावर आली, तर बाईंचा ब्राउझर ती बाईंच्याच अधिकाराने अमलात आणील. आणि त्या कपाटात केवळ नावे-तारखा नाहीत. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेच्या ५३५ व्या कलमाप्रमाणे स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दृढीकरण, विवाह, दत्तकविधान यांच्याही नोंदी समासात कराव्या लागतात. कुणाचे पहिले लग्न रद्दबातल ठरले, कुणाची माता अविवाहित होती, कोणते मूल कुणी दत्तक घेतले, ही माहिती आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी बारीक अक्षरांत लिहून कपाटाची किल्ली खिशात ठेवली. आपण दत्तक आहोत हे ज्याला अजून घरच्यांनी सांगितलेले नाही, अशा माणसाची नोंद एका कोनी कंसामुळे गावभर व्हावी, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

म्हणून मी त्या तरुणाच्या मागे लागलो. तो म्हणाला, "फादर, मी एस्केप केलेच आहे." त्याचे म्हणणे खरे होते. पण दुसऱ्याच आठवड्यात बाईंची तक्रार आली. एखाद्या कुटुंबाचा पत्ता दुरुस्त करण्यासाठी पान उघडावे, तर आडनावाच्या चौकटीत नुसता 'डी' दिसतो. न बघता 'जतन करा' दाबले, की नोंदीतही नुसता 'डी' उरतो. डिमेलो, डिसोजा, डिकुन्हा, सारे एका पंक्तीत 'डी' होऊन बसले. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज मात्र ठणठणीत.

उलगडा झाला तो असा. दुरुस्तीच्या चौकटीत जुने मूल्य भरून दाखविताना ते सूचनेच्या आत, अवतरणचिन्हांमध्ये ठेवावे लागते. जणू लाल अक्षरांच्या ओळीत मध्येच काळा शब्द बसवायचा. आमच्या तरुणाने तेथे एकेरी चिन्हे वापरली होती. आडनावातली अपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरणचिन्ह हे संगणकाच्या दृष्टीने एकच चिन्ह! 'डी'नंतरची खूण दिसताच ब्राउझरने समजून घेतले, की मूल्य संपले. पण एस्केप केलेले असताना हे झाले कसे? तो वापरीत होता ती पीएचपी ही भाषा, आणि तिच्यातील एस्केप करणारे सुप्रसिद्ध कार्य वर्षानुवर्षे मुद्दाम सांगितल्याखेरीज पाचांपैकी चारच चिन्हे हाताळीत असे. एकेरी खूण सोडून देई. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून ती आपोआप हाताळली जाऊ लागली. आमच्या सर्व्हरवर त्याहून जुनी आवृत्ती होती. जगातल्या असंख्य संकेतस्थळांना त्या पाचव्या चिन्हावाचून काही अडले नसेल. अडले ते ज्यांच्या आडनावातच ते आहे त्यांचे.

अशा वेळी दोन उपाय चटकन सुचतात आणि दोन्ही मला अमान्य आहेत. पहिला म्हणजे खुणेलाच बंदी करणे. कित्येक ठिकाणी अर्ज भरताना आडनावात अपॉस्ट्रॉफी टंकली, की "कृपया वैध नाव भरा" अशी लाल ओळ उमटते. माणसाचे नाव अवैध ठरविण्याचा हा अधिकार यंत्राला कुणी दिला? दुसरा उपाय वरकरणी शहाणपणाचा: मजकूर दारातून आत येतानाच एस्केप करून, तसाच साठवून ठेवावा, म्हणजे पुढे चिंता नको. पीएचपीतच 'मॅजिक कोट्स' नावाची अशी सोय होती. येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हामागे ती आपोआप एक तिरपी रेघ घालून ठेवी. हेतू माहितीच्या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, जपण्याचा होता. अपॉस्ट्रॉफीला तेथेही वेगळा आज्ञार्थ आहे, आणि त्याचा बंदोबस्तही वेगळाच करावा लागतो. पण परिणाम असा झाला, की लोकांच्या आडनावांत तिरप्या रेघा साचू लागल्या. दर दुरुस्तीला त्यांत भर पडे. २००९ मध्ये ही सोय त्याज्य ठरविण्यात आली आणि २०१२ मध्ये ती भाषेतून काढून टाकली.

त्या परिचारिकेच्या प्रमाणपत्राचे गूढही येथेच सुटते. कुठल्यातरी आज्ञावलीने तिचे आडनाव आत येतानाच एस्केप करून साठविले. पुढे ते छापताना एक तर दुसऱ्या आज्ञावलीने त्यातील अँपरसँड पुन्हा एस्केप केले, किंवा मजकूर ब्राउझरच्या वाटेला न जाता थेट छपाईयंत्राकडे गेला; आणि छपाईयंत्राला ३९ म्हणजे अपॉस्ट्रॉफी हे कोण सांगणार? दोन्ही वाटांनी कागदावर उमटते ते तेच.

नोंदवही सांभाळणाऱ्याला यातला योग्य मार्ग शिकवावा लागत नाही. आमची रीत काय आहे? नोंदवहीत नाव जसे सांगितले तसे लिहायचे. दाखला कुणाला, कशासाठी हवा, कोणत्या भाषेत हवा, हा विचार दाखला देताना. नोंदवहीला हात लावायचा नाही. मी त्या तरुणाला हेच म्हणालो, आणि तो हसून म्हणाला, की त्यांच्या धंद्यातला नियमही हाच आहे: साठवायचे ते मूळ रूपात, एस्केप करायचे ते बाहेर पडताना, आणि ते बाहेर जाऊन कोठे बसणार आहे हे पाहून.

'कोठे' हा शब्द महत्त्वाचा. परिच्छेदाच्या मजकुरात बसायचे असेल, तर कोनी कंस आणि अँपरसँड यांचा बंदोबस्त पुरेसा. सूचनेच्या आत बसायचे असेल, तर अवतरणचिन्हांचाही हवा. दुव्याच्या पत्त्यात बसायचे असेल, तर तेथील कायदा निराळा: तेथे अपॉस्ट्रॉफीचे रूप टक्केवारीची खूण आणि २७ असे होते, आणि अँपरसँड दोन माहित्यांच्या मधली भिंत मानला जातो. विवाहाच्या घोषणेत वधूवरांची नावे अँपरसँडने जोडण्याची आपल्याकडे आवड आहे. अशी जोडनोंद शोधायला गेले, तर त्या खुणेपाशी शोध तुटे आणि नवरदेव तेवढा सापडे. शिवाय कुणी संपूर्ण दुवाच भरून पाठविला, तर पाचही चिन्हे एस्केप करून उपयोग नाही. 'जावास्क्रिप्ट' या शब्दाने आणि अपूर्णविरामाने सुरू होणारा दुवा त्या पाचांपैकी एकही चिन्ह न वापरता आज्ञा होऊ शकतो. दुवा एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो ना, हे पाहावे लागते. राहता राहिला पानातच लिहिलेल्या आज्ञावलीच्या पोटात परक्याचा मजकूर बसविण्याचा प्रकार. तेथे अँपरसँडची भाषा कुणी ऐकतच नाही. माझ्या मते त्या गल्लीत जाऊच नये.

हे सारे दर ठिकाणी माणसाने आठवून करायचे म्हटले, तर एखादी जागा राहणारच. म्हणून आता चांगल्या साधनांत सारा मजकूर आपोआप एस्केप होतो आणि ज्याला तसे नको असेल त्याने ते मुद्दाम सांगावे लागते. २००८ मध्ये जँगोच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत आणि २०१० मध्ये रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ही व्यवस्था होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिअॅक्टने गंमतच केली. एस्केप न करता मजकूर घालण्याच्या सोयीचे नावच त्यांनी 'डेंजरसली सेट इनर एचटीएमएल' असे ठेवले. टंकणाऱ्याने दर वेळी 'धोका' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावा! धर्मग्रामाच्या पत्रकात ठळक अक्षरे, परिच्छेद वगैरे हवे असतात, म्हणजे काही लाल अक्षरे येऊ द्यावीच लागतात. तेथे आमच्या तरुणाने उलटी यादी केली आहे: या एवढ्या सूचनांना परवानगी, बाकी सर्व बाद.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक निर्धास्तपणा बाळगावा. देवनागरीतील कोणतेही अक्षर आज्ञार्थी नाही. 'ड'च्या जागी २३३७ हा त्याचा संकेतांक लिहून ठेवण्याची रीत पूर्वी काही ठिकाणी होती. युनिकोड सर्वत्र रुळल्यावर तिची गरज उरलेली नाही. भीती आहे ती जुन्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुराची. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन खुणांच्या पाठीवर बसविलेली असत. कृतिदेवमध्ये 'ढ' उमटतो तो डाव्या कोनी कंसाच्या कळीवर! तसा मजकूर जसाच्या तसा पानावर चढविला, की ब्राउझर एखाद्या निरुपद्रवी 'ढ'पासून पुढचे शब्द आज्ञा समजून गिळू लागतो. आपल्या त्रैमासिकांचे जुने अंक संगणकावर आणू पाहणाऱ्यांनी आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, हे येथे सांगून ठेवतो.

आमची आज्ञावली आता मार्गी लागली आहे. सर्व्हरवर नवी आवृत्ती आली, एकेरी चिन्हांच्या जागी दुहेरी चिन्हे आली, आणि 'डी' होऊन बसलेली आडनावे बाईंनी मूळ नोंदवही मांडीवर घेऊन एकेक करून परत लिहिली. चाचणीसाठी आम्ही एक कल्पित कुटुंब नोंदविले आहे, ज्याच्या आडनावात पाचही चिन्हे आहेत. कोणताही बदल झाला, की ते कुटुंब यादीत, दुरुस्तीच्या चौकटीत, शोधात आणि छापील दाखल्यावर धडधाकट दिसते ना, हे आधी पाहायचे आणि मगच खऱ्या माणसांकडे वळायचे.

एकच तक्रार उरली होती. मिस्सेच्या आदल्या दिवशी कुटुंबांच्या मोबाईलवर जो लघुसंदेश जातो, त्यात आडनावांमध्ये ३९ चा आकडा डोकावे. एका वयस्क बाबांनी मला थांबवून विचारले, "फादर, हा ३९ म्हणजे आमच्या मिस्सेचा नंबर का?" तरुणाने शोधले, तर अतिदक्षतेने त्याने संदेशातील नावही एस्केप केले होते. पण लघुसंदेशाला कोनी कंसाची आज्ञा कळत नाही आणि अँपरसँडची सवलतही कळत नाही. तेथे लाल शाईच नाही, सगळा मजकूर काळाच. त्याने ती एक ओळ पुसून टाकली. पुढच्या शनिवारी गेलेल्या संदेशांत डिमेलो, डिसोजा, डिकुन्हा या साऱ्यांच्या नावांतली रेघ जागच्या जागी होती.